पोरगं धबधब्याच्या काठावर उभं राहून रील काढतंय. वय म्हणून सोडून द्यायचं की कुणाला दाखवायचं?

सई_शहापूर (25 ऑगस्ट, रात्री 11:20)

नमस्कार. मी शहापूर, बेळगावची. चार दिवस रोज लिहिते आणि खोडते, आज टाकतेच.

मुलगा 16 वर्षांचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाला, 91 टक्के. जूनपासून प्रथम पीयूसी, म्हणजे अकरावी, सायन्स. गेल्या रविवारी "क्लासला जास्तीचा तास आहे" सांगून गेला. संध्याकाळी भाचीनं मला रील दाखवलं. गोकाकचा धबधबा, पाणी तांबडं लाल, आणि आमचा हा काठावरच्या ओल्या खडकावर दरीकडं पाठ करून, हात पसरून उभा. पायात रबरी चप्पल. मागं मित्रांच्या शिट्ट्या. तिघं एका मोटारसायकलवर गेलेले, लायसन्स एकाकडंही नाही.

ह्यांनी मोबाइल काढून घेतला, महिनाभर बाहेर जाणं बंद केलं. तेव्हापासून हा जेवायला येतो, ताट उचलतो, खोलीत जातो. पण गप्प तो त्याच्या आधीपासूनच आहे, जुलैपासून म्हणा. रात्री दोन-अडीचपर्यंत खोलीत दिवा. तालमीत जायचा, ते सोडलं.

काल दप्तर आवरताना फिजिक्सची वही हाताला लागली. सुरुवातीच्या पानांवर प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं बारीक मराठी लिहिलंय. व्हेलॉसिटीवर वेग, ॲक्सिलरेशनवर त्वरण, मोमेंटमवर संवेग. अशी अठरा पानं. एकोणिसाव्या पानापासून पेन्सिल नाही. पुढची तीन पानं फळ्यावरचं उतरवलेलं, तेही अर्धंमुर्धं. मग वही कोरी.

काठावर उभा राहिला याची भीती वाटते, आणि का कोण जाणे, त्या कोऱ्या पानांची जास्त वाटते. हे वयाचं आहे म्हणून गप्प बसू, की कुणाला दाखवू?

उचगावचे_अण्णा

बाळ, एवढी घाबरू नकोस. आम्ही मार्कंडेय नदीच्या पुरात पुलावरनं उड्या मारल्या. राजहंसगडाच्या तटावर एका पायावर उभं राहायच्या पैजा लावल्या. सोळाव्या वर्षी अंगात वारं असतंच. आठ दिवस बापानं दम दिला की ताळ्यावर येतंय पोरगं.

राकसकोप_रोड

अण्णा, मान ठेवून सांगतो. पुलावरनं उड्या मारलेल्यांपैकी जे वर आले तेच आज सांगायला आहेत. 2022 च्या नोव्हेंबरात किटवाडच्या धबधब्यावर बेळगावच्या चार मुली बुडून गेल्या. त्या दिवशी गावात चुली पेटल्या नव्हत्या. ताई, खडकावरचं शेवाळ तुमच्या पोराचं धाडस बघत नाही. हे आधी त्याला सांगा, बाकीचं मागनं.

खानापूर_समुपदेशक

सईताई, मी सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलांशी बोलायचं काम करते. तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नका.

पहिली, काठावर उभं राहणं. या वयात मेंदूचा मजेला, थराराला, कौतुकाला भुलणारा भाग जोरात असतो. थांब म्हणणारा, पुढचं बघणारा भाग कपाळामागं असतो आणि तो पुरता तयार व्हायला पंचविशीच्या आसपासचं वय येतं. गाडीला ॲक्सिलरेटर आला आणि ब्रेक अजून बसवतायत, अशी अवस्था. आणि सोबती असले की हे वाढतं. अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी 2005 साली एक प्रयोग मांडला होता. 13 ते 16 वर्षांची मुलं, कॉलेजच्या वयाची मुलं आणि 24 च्या वरचे मोठे, सगळ्यांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. एकटे असताना तिन्ही गटांनी सारखाच धोका पत्करला. मित्र बघत असताना लहान मुलांनी कितीतरी जास्त पत्करला, मोठ्यांवर काही परिणाम नाही. म्हणजे धोका त्याला समजत नाही असं नाही. एकटा असता तर बहुतेक तो त्या खडकावर गेलाच नसता.

दुसरी गोष्ट, जुलैपासूनची शांतता. मला काळजी तिची वाटते. आवडीची तालीम सुटली, झोप मोडली, अभ्यास तुटला. असं दोन आठवड्यांच्या वर चाललं की त्याला "वय" म्हणून सोडायचं नसतं. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांना मानसिक आजार आढळला होता. पन्नास मुलांचा वर्ग धरला तर तीन-चार मुलं झाली.

जेवण, वजन कसं आहे? चिडचिड? आणि एक विचारते, रागवू नका. "मी नसलो तर बरं" असं कधी बोललाय का?

कॅम्पातला_वकील

भावना बाजूला ठेवून कायदा सांगतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 199 अ आलं आहे. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. 25,000 रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाची 25 वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी मिळतं ते फक्त बिनगिअरच्या 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं. ज्यांनी गाडीची किल्ली दिली त्यांना हे वाचून दाखवा. आणि वडिलांनी शिक्षा केली ते बरोबरच केलं.

सई_शहापूर

@खानापूर_समुपदेशक, जेवतो, पण कमी. पूर्वी तिसरी भाकरी मागायचा, आता दीड. चिडत नाही, तेच तर. आधी धाकट्या बहिणीशी दिवसभर भांडायचा, आता ती रिमोट घेऊन गेली तरी बघत बसतो. तसलं काही बोललेला नाही. विचारायची छाती होत नाही. विचारलं आणि त्याच्या मनात नसलेलं आलं तर?

खानापूर_समुपदेशक

येत नाही, ताई. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात. सरळ शब्दांत विचारा, आणि तो बोलत असताना मध्ये बोलू नका, रडूही नका. रडणं नंतर, माझ्यापाशी.

वकीलसाहेब, गाडी बंद याला माझं दुमत नाही. पण मोबाइल आणि मित्र दोन्ही काढून घेतलं की जे पोर आधीच एकटं आहे ते आणखी कोंडलं जातं. शिक्षा चुकीपुरती ठेवा.

टिळकवाडीचा_बाप

मी मारलं होतं. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा. दप्तरात सिगारेटचं पाकीट सापडलं. पट्टा काढला. त्यानं हात वर केला नाही, डोळे मिटून घेतले फक्त. मार थांबल्यावरही डोळे उघडले नाहीत त्यानं. आज तो बावीसचा आहे, पुण्याला नोकरीला आहे, बोलतो माझ्याशी, व्यवस्थित बोलतो. पण काही अडलं की फोन त्याच्या आईला जातो. सईताई, मिस्टरांना हे वाचायला द्या.

निपाणीचा_भाऊ

सिगारेटचं निघालं म्हणून. मी तंबाखूच्या वखारीजवळ वाढलो. आठवीत मावा लागला, "जरा ठेवून बघ गालात" म्हणून. कर्नाटकात 2013 पासून गुटख्याला बंदी आहे, पण सुपारी एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घेऊन पोरं हातावर मिसळतात. कोवळ्या वयात निकोटिनची चटक लवकर लागते आणि सुटताना जीव जातो. मला सोडायला अकरा वर्षं लागली, आता तोंड तीन बोटंच उघडतंय. ताई, मुलाच्या दातांकडं, शर्टाच्या खिशाकडं लक्ष ठेवा. झडती नको, नुसतं लक्ष.

पहाटेची_रनिंग

मी 19 चा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीची तयारी करूलालो. आम्ही सात जण पहाटे साडेचारला पळतो. मित्रांमुळं पोरं बिघडतात हे खरं आहे, पण मित्रांमुळंच मी पलंगावरनं उठतो. एकटा असतो तर एक दिवस पळालो नसतो. काकू, त्याला पाठवून द्या. शर्यत नाही, नुसतं पळायचं. येताना शेंगदाणे आणि गूळ.

अनगोळची_आई

साडेचार! आमचं दहावीतलं रत्न सात वाजता उठवायला गल्लीतली हलगी मागवावी लागेल. ह्या वयात सगळेच असे झोपतात का हो?

खानापूर_समुपदेशक

सगळेच. वयात येताना झोपेचं घड्याळ दीड-दोन तास पुढं सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा सुटतं. त्याला अकराआधी झोपच येत नाही आणि सकाळी बस पकडायची असते. गरज 8 ते 10 तासांची, मिळते सहा तासांची. झोप तुटली की मन उदास होतं आणि धोकाही जास्त पत्करला जातो. सईताई, दोन-अडीचचा दिवा त्यामुळंच महत्त्वाचा आहे. आणि रनिंगवाल्या भावा, तुझी हाक चांगली आहे, पण ह्या पोराला आधी झोपू दे. संध्याकाळी पळवलंस तर उत्तम.

पहाटेची_रनिंग

चालतंय. संध्याकाळी साडेपाचला पण असतो आम्ही.

बेळगुंदीचा_राजू

मी इथं कधी लिहीत नाही, वाचतो फक्त. त्या वहीचं वाचलं आणि राहवलं नाही.

मी पण मराठी माध्यम. एसएसएलसीला शाळेत पहिला, गावात बोर्ड लागला होता माझ्या नावाचा. पीयूसीला सायन्स घेतलं. पहिल्या आठवड्यात सरांनी विचारलं, चालती बस एकदम थांबली की आपण पुढं का जातो? मला येत होतं. जडत्व. उभा राहिलो आणि "जडत्व" म्हणालो. सगळा वर्ग हसला. सरांना पण कळलं नाही, ते म्हणाले सीट डाऊन. इनर्शिया हा शब्द मला दुसऱ्या दिवशी पुस्तकात सापडला. तोवर माझं नाव वर्गात "जडत्व" पडलं होतं. वर्षभर तेच.

पहिल्या टेस्टला 35 पैकी 6. घरी सांगितलं नाही. कसं सांगू, बोर्ड अजून चौकात होता. रोज बसनं त्या बोर्डाखालनं जायचं.

मग मी हायवेवर गाडी पळवायला लागलो. मित्राची 150 सीसी. काकतीच्या पुढं रात्री, हेल्मेट नाही, हात सोडून. मला मरायचं नव्हतं. कुणीतरी "राजू भारी आहे" म्हणावं एवढंच पाहिजे होतं. दहावीपर्यंत ते पेपर वाटताना ऐकायला मिळायचं, आता गाडीवरच मिळत होतं. एक दिवस ट्रॉलीच्या मागं घसरलो, डाव्या हातात अजून रॉड आहे. दवाखान्यात बाबांनी विचारलं, "असं का केलंस?" आणि मी म्हणालो, "मला फिजिक्स येत नाही." बाबांना वाटलं डोक्याला मार लागलाय.

काकू, त्याला रील बद्दल विचारू नका आधी. वहीबद्दल विचारा.

राकसकोप_रोड

राजू, दोनदा वाचलं. लिहीत जा रे.

उचगावचे_अण्णा

राजू बाळा, हे मला कधी सुचलंच नव्हतं. आमच्या उड्या मजेच्या होत्या. वरचं माझं बोलणं मागं घेतो.

सीमावासी_56

मूळ दुखणं हेच आहे. आपल्या पोरांना दहावीनंतर मराठीतून सायन्स शिकायची सोयच नाही. 1956 पासून आपण हेच भोगतोय. मानसिक आरोग्य बोलायचं तर आधी यावर बोला.

हुक्केरीची_मीनाक्षी

दादा, माझं माहेर मराठी, सासर कन्नड. माझी मुलगी कन्नड माध्यमातनं शिकली, पीयूसीला तिचंही हेच झालं. तिच्या वहीत पेन्सिलीनं कन्नड लिहिलेलं असायचं, एवढाच फरक. वर्गात शेजारी बसलेली मराठी माध्यमाची मुलगी आणि ही दोघी मिळून रडायच्या. भांडण कुठल्या भाषेशी नाही, एकदम बदलण्याशी आहे. जूनमध्ये पहिले दोन महिने कुणी पूल बांधला तर दोन्हीकडची पोरं पार होतील.

सीमावासी_56

मीनाक्षीताई, प्रश्न हक्काचा आहे आणि तो मी सोडणार नाही. पण तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं. दोघी आता कशा आहेत?

हुक्केरीची_मीनाक्षी

दोघी बीएस्सीला. एकाच खोलीत राहतात.

संपादक

भाषेच्या हक्काचा धागा वेगळा आहे, तिकडं जरूर लिहा. इथं सईताईंच्या प्रश्नावर राहू या.

बैलूरची_लेक

सगळा धागा मुलांवर चाललाय. मुली काठावर उभ्या राहिलेल्या दिसत नाहीत म्हणून सांगते.

माझ्या वर्गातली एक, खानापूर तालुक्यातलीच. घरात कुणी बोलत नव्हतं तिच्याशी, कामापुरतं सोडून. इन्स्टावर एकजण रोज "जेवलीस का" विचारायचा. तेवढ्यावर तिनं त्याला फोटो पाठवला. मग धमक्या. सहा महिने ती ते एकटी घेऊन फिरत होती. आम्हाला वाटायचं शिष्ट झालीय. शेवटी एका बाईंना सांगितलं, बाईंनी सायबर गुन्ह्यांच्या 1930 ला तक्रार करायला लावली. मुलगी अठराच्या आतली होती, म्हणून पोक्सो, मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, लागला त्याच्यावर. घरच्यांनी काय केलं? शाळा सोडवून लग्नाचं बघायला लागले. मुलांच्या मदतीच्या 1098 ला फोन गेला म्हणून ते थांबलं.

तिचा धोका रीलमध्ये नव्हता. पोरगी शहाणी आहे, घरात असते, आवाज नाही तिचा, असंच सगळे म्हणत होते.

अनगोळची_आई

बैलूरच्या लेकी, आज मुलीशेजारी जाऊन बसले. काही विचारलं नाही. ती म्हणाली, "काय झालं मम्मी?" मी म्हटलं, काही नाही, बसले गं.

निवृत्त_मास्तर_वडगाव

मी 34 वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं, मराठी माध्यम. माझी अनेक मुलं अशीच पीयूसीत बुडाली आणि मला वाटायचं त्यांनी मेहनत सोडली. राजूचं वाचून झोप आली नाही. जडत्व हा शब्द मीच शिकवला असेल कुणा राजूला, आणि कंसात इनर्शिया लिहायचा कंटाळा केला असेल. सईताई, मुलाला रविवारी माझ्याकडं पाठवा. फी नाही. त्याच पेन्सिलीनं पुढच्या पानांवर सुरुवात करू.

सई_शहापूर (2 सप्टेंबर, रात्री 10:05)

सगळ्यांचे उपकार. आठवडाभर काय झालं ते सांगते.

राजू, तुझं ऐकलं. वही घेऊन गेले त्याच्या खोलीत, एकोणिसावं पान उघडून ठेवलं. म्हटलं, "इथं काय झालं?" खूप वेळ काही नाही. बाहेर पाऊस. मग म्हणाला, "मला तोंडी विचारलं. मी मराठीत सांगितलं." पुढं सगळं आलं. टेस्टचे मार्क, मागच्या बाकावर जाऊन बसणं, क्लासच्या वेळेला रेल्वे फाटकाजवळच्या टपरीवर बसणं. तिथंच ते दोघं मित्र भेटले. गोकाकला जायची कल्पना त्यांची. खडकावर जायची ह्याची. "मी गेलो म्हणून ते गप्प झाले," असं म्हणाला.

समुपदेशकताई, मी विचारलं. सरळ विचारलं, जगणं नको वाटतं का रे. तो म्हणाला, "नको नाही गं आई. लपावंसं वाटतं." मी रडले नाही. स्वयंपाकघरात येऊन रडले.

दवाखान्यात दाखवलं. जाताना रिक्षात तो म्हणाला, तिथं मला कन्नडमध्ये बोलावं लागेल का. आधी टेलि-मानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेच्या, 14416 ला फोन लावून मराठीत बोलणं करून दिलं होतं, त्यामुळं जरा धीर आला होता. दवाखान्यात डॉक्टर तोडकंमोडकं मराठी बोलत होत्या, पण थांबून ऐकत होत्या, तेवढं पुरलं. रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं. सध्या गोळ्या नाहीत. दर आठवड्याला बोलायला जायचं, झोपेची वेळ हळूहळू मागं आणायची, महिन्यानं परत बघणार. आणि लपावंसं वाटणं वाढलं, किंवा बोलण्यात मरणाचं काही आलं, तर वाट न बघता त्याच दिवशी आणा म्हणाल्या.

ह्यांनी टिळकवाडीच्या भाऊंचं वाचलं. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मोबाइल त्याच्या टेबलावर होता. गाडी बंदच आहे, ते त्यानं पण मान्य केलंय. सहीचा कागद वगैरे नाही, नुसतं "हो" म्हणाला.

खानापूर_समुपदेशक

आता रडा, ताई. फार नीट केलंत. त्याचं "मी गेलो म्हणून ते गप्प झाले" हे वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. आणि सुधारायला वेळ लागेल. मधे दोन चांगले आठवडे येतील, मग एक वाईट येईल. तो आला म्हणून हरलो असं धरू नका.

पहाटेची_रनिंग

काल संध्याकाळी आलेला. दोन फेऱ्या पळाला, तिसऱ्या फेरीला बसला. शेंगदाणे सगळ्यात जास्त त्यानं खाल्ले.

बेळगुंदीचा_राजू

काकू, त्याला सांगा इनर्शिया मी शिकवणार. तेवढा एक शब्द मास्तरांनी मला सोडावा.

निवृत्त_मास्तर_वडगाव

सोडला. रविवारी दहा वाजता तू पण ये.

सई_शहापूर

मास्तर, एक विचारायचं होतं. तो म्हणतोय त्याच्या वर्गात मागच्या बाकावर आणखी तिघं आहेत. एक निलजीचा, दोघं उचगावकडचे. आणू का म्हणून विचारतोय.

निवृत्त_मास्तर_वडगाव

आणू दे. सतरंजी मोठी आहे.